शून्य नंबरचा फ्रीज

४ मार्च, बुधवार

ती. ताई,

“यंत्र गप्प बसलं की आधी घाबरायचं, मग आनंद मानायचा.” सोळा वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, तुम्ही हे म्हणाला होतात. तुमच्या भावाशी लग्न होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. नणंदेने ऑफिसात चिकटवलेली भावजय म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नव्या खुर्चीत इतकी ताठ बसले होते, की तुम्ही म्हणालात, “मुंगे, पाठ टेकव. खुर्ची चावत नाही.” हे दुसरं वाक्य मी लक्षात ठेवलं. पहिलं विसरून गेले होते. गेला आठवडाभर मात्र तेच सारखं आठवतंय.

फोन तुम्ही उचलत नाही. ऑफिसच्या मेलवर कोण काय वाचतं हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून हा कागद.

बातमी चांगली आहे. नोव्हेंबरात काढलेल्या एकेचाळीस जणांपैकी सात जणांना परत बोलावतायत, आणि यादीत तुमचं नाव पहिलं आहे. सल्लागार म्हणून, तीन महिन्यांसाठी, पुढचं पुढे. इस्त्रीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. (तुम्ही ठेवलेलं नाव आता अख्ख्या मजल्यावर चालतं. आपली कंपनी विकत घेतलेल्या मोठ्या कंपनीतून त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीसुद्धा बिनदिक्कत वापरतात.) म्हणाले, “तुम्ही घरच्या आहात. तुम्ही सांगितलंत तर त्या येतील.” मी म्हटलं, “सांगून बघते.” घरच्या कुठे, हे त्यांना काय सांगणार? तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावरून उठलात, चपलांच्या कपाटावर आमच्या घराची किल्ली ठेवलीत आणि गेलात, त्याला सव्वातीन महिने झाले. किल्ली अजून तिथेच आहे. पुसताना मी ती उचलते आणि परत होती तशी ठेवते.

आपली यंत्रणा तेरा फेब्रुवारीला मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत मिसळली. तेव्हापासून एक तक्रार नाही. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या रक्तपेढ्या हिरव्या. पूर्वी आठवड्याला पाचसहा तरी अलार्म जायचे, कुठे दार नीट लागलेलं नसायचं, कुठे वीज गेलेली असायची. आता “फोन आला, बरं झालं” म्हणून कोणी कळवत नाही आणि “एवढ्यातेवढ्याला कशाला उठवता” म्हणून कोणी भांडतही नाही. साहेबांनी केक कापला. मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन तो तसाच टाकून दिला.

परवा पोरीने विचारलं, “आत्या ऑफिसात नक्की करायची काय?” मी सांगितलं, रक्तपेढीतला फ्रीज गरम व्हायला लागला की आपली यंत्रणा तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाला फोन करते. आत्या रोज सकाळी ती यंत्रणा जागी आहे का ते बघायची. पँट्रीतल्या छोट्या फ्रीजलाच तिने एक रुग्णालय म्हणून नोंदवलं होतं, ग्राहक क्रमांक शून्य. पावणेदहाला त्याचं दार उघडायची, स्टुलावर बसायची आणि स्वतःचा फोन वाजायची वाट बघायची. पोरगी हसली. म्हणाली, “म्हणजे आत्या रोज खोटं खोटं आजारी पाडायची आणि बघायची, की कोणी धावतंय का?” तुम्हाला आवडलं असतं.

तो फ्रीज आहे तिथेच आहे. दार मी रोज उघडते. काळजी नसावी.

येताना निळ्या पुठ्ठ्याची वही तेवढी आणा. कंपनीची आहे, रेकॉर्डला लागेल, असं साहेब म्हणतात.

तुमची,
मुंगी

१९ मार्च, गुरुवार

ती. ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

हे पत्र गाडीत बसून लिहितेय, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. वर बसून लिहवत नाही.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावरचा जुना फोन वाजला. प्रसूतिगृहाच्या रक्तपेढीतल्या बाई, त्या तुम्हाला ‘थर्मामीटरताई’ म्हणायच्या त्या.

“ताई नाहीत का हो?”

“नाहीत. मी आहे, बोला.”

“अहो, तुमचं यंत्र झोपलंय की काय? शनिवारी दुपारी फ्रीज बंद पडलाय आमचा. आज उघडला तर आत नुसता उकाडा. बावीस पिशव्या फेकल्या. माझा फोन दोन्ही दिवस हातात होता, वाजलाच नाही.”

“मी तपासते.”

“तपासा बाई. दोन दिवसांत कोणाला लागलं नाही म्हणून निभावलं. ताई असत्या तर आत्तापर्यंत मलाच ओरडल्या असत्या.”

मी साहेबांकडे गेले. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. शनिवार, दोन वाजून दहा मिनिटं, ‘संदेश पोहोचला’, पुढे हिरवी खूण. “आपल्याकडून गेलाय,” म्हणाले. “त्यांनी फोन सायलेंटवर टाकला असणार. लोक कबूल करत नाहीत.” आणि मी मान डोलावली, ताई. पटलं म्हणून नाही. हिरवी खूण दिसली आणि मला इतकं हायसं वाटलं, की मान आपोआप डोलली.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. वही साहेबांनी मागितलेली नाही. अशी काही वही आहे हेच त्यांना माहीत नाही. वही मला हवी आहे. का, ते नंतर लिहीन.

आणि एक. तुम्हाला हे माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तुम्ही ऐकलेलं नाही. नोव्हेंबरात प्रत्येक टीमच्या प्रमुखाला, म्हणजे मलाही, एक तक्ता दिला होता. माणसाचं नाव, आणि समोर तो काय काम करतो ते एका वाक्यात. त्याहून जास्त अक्षरं त्या चौकटीत मावतच नव्हती. तुमच्या नावापुढे मी लिहिलं, “सकाळी फ्रीजचं दार उघडतात आणि वेळ लिहितात.”

एचआरच्या बाईंनी अकरा वाजता ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही असं त्या नंतर म्हणाल्या. दिसणार कसं? त्या दिवशी शुक्रवार होता आणि दर शुक्रवारसारख्या तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. तुमच्या भावाने विचारलं, “आज गप्प का गं?” तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “वाक्य छान लिहिलंस, मुंगे. एक शब्द खोटा नाही.” मग उठलात. तुमचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याला म्हटलं, “मला काय माहीत?”

खरं सांगायचं तर मी तेव्हा स्वतःचीही समजूत घातली होती, की चौकटच लहान होती.

मुंगी

२ एप्रिल, गुरुवार

ताई,

आता जे लिहितेय ते सलग वाचा. मध्येच कागद खाली ठेवू नका.

गेल्या शुक्रवारी त्याच प्रसूतिगृहात एक बाई बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना. फ्रीज दुरुस्त होऊन आला होता, नव्या पिशव्या भरलेल्या होत्या, पण तो आदल्या दुपारीच पुन्हा बंद पडला होता आणि कोणाला कळलं नव्हतं. उघडला तेव्हा आतलं काहीच वापरण्याजोगं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून रक्त येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. बाळ बरं आहे. ती अजून शुद्धीवर आलेली नाही.

मी बातमी ऐकली आणि शनिवार नुसता घरात फिरत काढला. रविवारी ऑफिसच्या कपाटातून आणलेला एक जुना सेन्सर आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजला लावला, नवं रुग्णालय म्हणून नोंदवला, ड्यूटीचा नंबर माझाच दिला. पावणेदहाला दार उघडलं. स्टूल ओढून समोर बसले, तुम्ही बसायचात तशी, फोन मांडीवर घेऊन.

सात मिनिटांत वाजायला हवा होता. दहा झाली. वीस. तुमचा भाऊ पेपर खाली करून म्हणाला, “हे काय नवीन?” पोरगी म्हणाली, “आई, दूध खराब होईल.” मी म्हटलं, “होऊ दे.” लॅपटॉपवर केव्हाच उमटलं होतं, ‘संदेश पोहोचला’. हिरवी खूण. मांडीवरचा फोन काळा. चाळीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले. फ्रीजरच्या कप्प्यातून पाणी ठिबकायला लागलं होतं.

सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन माणसं बोलावली, अर्ध्या तासात सापडलं. आपलं यंत्र निरोप मोठ्या कंपनीच्या यंत्राला देत होतं, आणि ते यंत्र निरोप घेऊन ठेवून देत होतं. पुढे फोन लावायचं काम चालू करायचंच राहून गेलं होतं. तेरा फेब्रुवारीपासून, ताई. एका यंत्राने दुसऱ्याच्या हातात निरोप दिला आणि दोघांनी ‘पोहोचला’ लिहिलं. आता फोन लागतायत, मी प्रत्येक रक्तपेढीला स्वतः लावून बघितले. साहेब म्हणाले, “हे आपल्या दोघांतच राहू द्या.”

पँट्रीतला फ्रीज जागेवर असता, तर सोमवारी, सोळा फेब्रुवारीच्या सकाळी दहाच्या आत हे कळलं असतं. म्हणजे तो जागेवर नव्हता. दार मी रोज उघडत नव्हते. तेही खोटं होतं.

तुम्ही गेल्यावर मी चार दिवस उघडलं. सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी साडेनऊची मीटिंग लागली, मग रोजच लागायला लागली. पुढच्या आठवड्यात एक पत्रक आलं, ज्याचं बिल निघत नाही तो ग्राहक यादीतून काढावा. ग्राहक क्रमांक शून्य. मी बटण दाबलं. यंत्राने विचारलं, ‘खात्री आहे का? सर्व जुन्या नोंदी जातील.’ मी ‘हो’ दाबलं. अकरा वर्षांच्या सकाळी गेल्या. हमाल फ्रीज न्यायला आले तेव्हा आतली तुमची पाण्याची बाटली मी काढून घेतली. ती माझ्या खणात आहे.

आणि ते वाक्य. आपल्या टीममध्ये दोघींपैकी एकच जागा उरणार होती. हे मला तक्ता भरायच्या आधी कळलं होतं. चौकट लहान नव्हती, ताई.

प्रसूतिगृहाच्या रक्तपेढीतल्या बाईंचा पहिला फोन आला तेव्हाच मी स्टूल घेऊन बसले असते, तर ती बाळंतीण आज घरी असती. तेवढे बारा दिवस मी काय केलं? तुम्हाला पत्र लिहिलं आणि तुमच्या वहीची वाट बघितली. फाडून टाकण्यासाठी.

आता आरोग्य खात्याच्या चौकशी अधिकारी आल्या आहेत. पन्नाशीच्या आहेत, हळू बोलतात, सगळं हाताने लिहून घेतात. त्यांनी विचारलं, “यंत्रणा फोन लावते की नाही हे रोज कोण तपासायचं?” साहेब म्हणाले, “अशी पद्धत कधीच नव्हती. जुन्या लोकांनी आम्हाला तसं काही सांगून ठेवलेलं नाही.” मी शेजारी बसले होते. मी माझ्या नखांकडे बघत होते.

परत येताना एचआरच्या टेबलावर तुमचं करारपत्र होतं. चौथ्या पानावर लिहिलंय, जाण्यापूर्वी आपल्या कामाची पूर्ण माहिती देण्याची जबाबदारी आपली होती आणि नवी यंत्रणा आपण दिलेल्या माहितीवरच उभी आहे, हे सल्लागार मान्य करतात. खाली सहीची जागा, आणि तारीख आधीच छापलेली, नोव्हेंबरातली. तुम्हाला परत घ्यायची आता एवढी घाई का, ते मला तेव्हा कळलं. बाकीच्या सहा जणांचं आता कोणी नावही काढत नाही. हवी होती ती एक सही.

मी तुम्हाला ‘बातमी चांगली आहे’ असं लिहिलं होतं.

मुंगी

१६ एप्रिल, गुरुवार

ताई,

हे कुरिअरने पाठवतेय, उद्या दुपारी मिळेल. सोबत तुमचंच पान आहे.

मंगळवारी तुमचं पाकीट आलं. आत पत्र असेल म्हणून मी जिन्यातच फोडलं. पत्र नव्हतं. निळ्या वहीचं शेवटचं पान होतं, कडेने नीट कापलेलं, पट्टी लावून कापलंत ना? अठ्ठावीस नोव्हेंबर. “दार ९:४५. फोन ९:५२.” त्याखाली, अकरा वाजून गेल्यावर, ते वाक्य ऐकून आल्यावर, तुम्ही लिहिलेलं, “उद्यापासून दार कोण उघडणार?” आणि त्याखाली माझं अक्षर. “मी. रोज.” पुढे माझी सही.

मी जिन्यातच बसले. शेजारच्या काकू वर जाताना म्हणाल्या, “काय गं, बरं नाही का?” मी म्हटलं, “बरं आहे, नणंदेचं पत्र आलंय.” “अगं बाई, मग रडतेस कशाला?” म्हणाल्या आणि गेल्या.

हे पान मला हवं होतं. महिनाभर मी याच पानासाठी तुम्हाला गोड बोलत होते. तुम्ही ते न बोलता देऊन टाकलंत. काडी ओढायची तेवढीच राहिली होती, आणि खरंच सांगते, ओट्यापर्यंत मी गेले होते.

संध्याकाळी तुमचा भाऊ बाहेरून आला तो शीळ घालत. कितीतरी दिवसांनी. म्हणाला, “ताईचा फोन होता. सोमवारी जॉइन होतेय. कागदांवर काय सह्या करायच्या त्या करते, म्हणाली. आणि तुला सांगायला सांगितलंय, की मुंगीला म्हणावं, आता पाठ टेकव.”

त्याला वाटतंय, आपलं भांडण मिटलं. तो बाजारात जाऊन शुक्रवारचं सामानसुद्धा घेऊन आला. मी त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलेलं नाही. तुमची आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत, त्याच्या प्रत्येक पडझडीच्या वेळी मध्ये उभ्या राहिलात. आताही तेच करताय, हे त्याला शीळ घालताना कळलं नाही.

काल मी चौकशी अधिकारी बाईंकडे एकटी गेले. सगळं सांगितलं. फ्रीज, शून्य नंबर, पावणेदहा, मी दाबलेलं बटण, मी लिहिलेलं वाक्य. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, “याचा एखादा कागद?” नाही. पर्समध्ये तुमचं सुटं पान होतं, पण वहीशिवाय तो नुसता चिटोरा. शून्य नंबरचा ग्राहक यादीत कधी होता असं आता यंत्र म्हणतच नाही. ऑफिसातले बाकीचे म्हणतात, पँट्रीत एक फ्रीज होता खरा, त्यात पाणी ठेवायचे. त्याच फ्रीजला तुमचा पेशंट म्हणून रोज ‘आज ताप किती’ असं विचारणारे हेच सगळे. बाई माझ्याकडे जरा मायेने बघून म्हणाल्या, “नणंदेसाठी बोलताय. समजू शकते मी.”

मी तिथे हसले, ताई. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासाठी खरं बोलले, आणि ते मी तुमच्यासाठी बोलतेय म्हणूनच खोटं ठरलं.

प्रसूतिगृहातही गेले होते. आत सोडत नाहीत. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा बाळाला घेऊन बसला होता. कोण तुम्ही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फ्रीजच्या कंपनीतली. त्याला काही बोध झाला नाही. तो म्हणाला, “हिला जरा धरता का, मी डॉक्टरांना विचारून येतो.” मी धरलं. वीसेक मिनिटं. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. बाळ त्याच्या हातात देऊन निघून आले.

आता काय मागायचं ते मागते.

सोमवारी सही करू नका. तुमची सही झाली, की त्या फाइलवर तुमचं नाव चढेल आणि फाइल बंद होईल. ती बाळंतीण कशीही होवो, लोक तुमचं नाव घेतील. मी माझ्या खुर्चीत पाठ टेकून बसेन, पुढच्या वेळी कोणाच्या तरी नावापुढे पुन्हा एक वाक्य लिहीन, आणि मला ते लिहिता येईल. मला त्याची भीती वाटते.

वही तुमच्याकडे आहे. अकरा वर्षांच्या सगळ्या सकाळी त्यात आहेत, तुमच्या अक्षरात, दार किती वाजता आणि फोन किती वाजता. ती एकच वस्तू आहे जी सांगू शकते, की असा फ्रीज होता, अशी बाई होती, आणि ती गेल्यावर दार उघडायचं कोणी कबूल केलं होतं. सुटं पान दाखवलं तर ते कोणी खरं मानणार नाही. ते वहीतच असायला हवं.

तुम्ही नाही म्हणाल. म्हणाल, माझ्या भावाचं घर आहे ते, पोरीचं वय काय, आणि माझं आता काय राहिलंय. पट्टी लावून पान कापताना तुमचं हे सगळं म्हणून झालेलं असणार, मला इथवर ऐकू येतंय. तरी मागते. हे पान त्याच्या जागी परत चिकटवा, आणि वही त्या बाईंच्या हातात द्या.